डोळे मिटून पाहिलेल्या गुहा

ती लॅब सोडून गेली त्याला आता दोन उन्हाळे झाले. अजूनही सकाळी फास्टिंगवाल्यांची रांग लागली की कुणीतरी काउंटरवर वाकून मला विचारतंच, "त्या शिरेसोबत बोलणाऱ्या सिस्टर नाहीत का आज?" मी म्हणते, "नाहीत. रिटायर झाल्या." समोरच्याचा चेहरा पडतो. तो पडलेला चेहरा पाहून मला थोडं बरं वाटतं, आणि मग लगेच वाईट वाटतं, की माझ्यासाठी असा चेहरा कुणाचा पडेल?

रामदासपेठेत एका हॉस्पिटलसमोरच्या बिल्डिंगमध्ये आमची लॅब आहे. काउंटर माझं. नाव लिहून घेणं, रिपोर्ट टाइप करणं आणि 'संध्याकाळी या' हे दिवसभर म्हणत राहणं. रक्त घ्यायचं काम तिचं. ती काही नर्स नव्हती, पण पेशंट तिला सिस्टरच म्हणायचे. लॅबमध्ये मी तिच्या कितीतरी आधीपासून होते, वयानं मात्र ती मोठी. म्हणून तोंडावर मी तिला ताई म्हणायचे, 'तुम्ही' करायचे. मनात ती कायम 'ती'च राहिली. ज्याचा हेवा वाटतो त्याला मनातल्या मनात अहो-जाहो करणं मला कधी जमलं नाही.

ती शिरेशी बोलायची हे खरं आहे. दंडाला रबरी पट्टा बांधला, पेशंटनं मूठ आवळली आणि तरी शीर काही दिसेना, की ती दोन बोटांनी टिचक्या मारत त्या शिरेलाच म्हणायची, "काहून लपून राहिली वं? ये ना बाहेर. कोनी मारत नाही तुले." पेशंटला हसू यायचं, हात सैल पडायचा आणि तेवढ्यात सुई आत गेलेली असायची. एक रिटायर्ड इंजिनिअर होते. त्यांच्या घराखालीच मोठी एसी लॅब होती, पण ते रिक्षा करून आमच्याकडे यायचे. ती सुट्टीवर असली तर "मग येतो पुन्हा" म्हणून तसेच उपाशीपोटी परत जायचे. माझ्यासाठी कुणी उपाशीपोटी परत गेलेलं मला तरी आठवत नाही.

ती उमरेडची. रोज एसटीनं यायची-जायची. घर विणकरांचं, पण माग केव्हाच बंद पडलेला. घरात भाऊ, भावजय आणि भाचरं. लग्न केलेलं नव्हतं. का नाही केलं असं कुणी विचारलं तर "माही बस चुकली" एवढंच सांगायची आणि पुढच्याला हाताची बाही वर करायला लावायची. एसटीत ड्रायव्हरच्या मागची जागा तिच्यासाठी राखलेली असायची. कुणी सांगितलेलं नव्हतं, पण तिथं दुसरं कुणी बसायचं नाही. तिची आई गेली तेव्हा मी उमरेडला भेटायला गेले होते. येताना तीच बस मिळाली. कंडक्टर मला विचारतो, "सिस्टर बऱ्या आहेत ना?" मी नंदनवनहून स्कूटीनं लॅबला येते. इतक्या वर्षांत त्या रस्त्यावरच्या एकाही माणसानं मला बरी आहेस का म्हणून विचारलेलं नाही.

उन्हाळ्यात तिच्या पर्समध्ये कांदा असायचा. ऊन लागू नये म्हणून नागपुरात बरेच जण कांदा ठेवतात, पण ती दुपारी डब्याच्या वेळी तोच कांदा बुक्कीनं फोडायची आणि सगळ्यांना वाटायची. "यानं सकाळपासून ऊन खाल्लं, आता आपण याले खाऊ." आणि आमचे सर, जे बाहेरच्या पाण्याला हात लावत नाहीत, ते केबिनमधून येऊन त्या कांद्याची पाकळी उचलून न्यायचे.

पण हे सगळं मी पचवलं असतं. मला पचलं नाही ते तिचं गुहांचं प्रकरण.

वर्षातून एकदा, थंडी सरता सरता, ती सुट्टी टाकायची आणि समुद्रातल्या गुहा पाहायला जायची. समुद्र पाहायला नाही, फक्त गुहा. त्याही होडीत बसून आत जाता येईल अशा. कधी अंदमान, कधी कर्नाटकचा किनारा, एकदा तर भाच्याच्या ओळखीच्या टूरसोबत थेट थायलंड. सरांच्या केबिनचं दार अर्धं उघडून ती म्हणायची, "सर, पाणी बोलवून राहिलं." सर हसून म्हणायचे, "जा बाबा, जा." माझ्या मुलीची बारावीची परीक्षा होती तेव्हा मी चार दिवस मागितले, तर म्हणाले, "पेपर तिचे आहेत ना? तुमचं काय काम तिथं?"

परत आली की तिचा आवाज बसलेला असायचा. पार खरखरीत, घशात वाळू गेल्यासारखा. दुपारी सगळे डबे घेऊन मागच्या खोलीत जमायचे. कुणीतरी पाण्याची रिकामी कॅन तिच्यापुढे ठेवायचं. ती कॅनच्या तोंडाला तोंड लावायची, डोळे मिटायची आणि त्या बसलेल्या आवाजात गुहा काढून दाखवायची. अंदमानची गुहा वेगळी, थायलंडची वेगळी. एक गुहा पाणी आत घेतल्यावर बराच वेळ गप्प राहायची आणि मग म्हाताऱ्या माणसानं सुस्कारा सोडावा तसं ते बाहेर टाकायची. एकीत थेंब पडायचे, आणि थेंब पडल्यावर कुठूनतरी खोलातून कुणी 'हं' म्हटल्यासारखं व्हायचं. रामदासपेठेतल्या त्या कोंदट खोलीत, सेंट्रिफ्यूजच्या घरघरीत आम्ही सगळे पोळीचा घास हातात धरून बसायचो. मीसुद्धा. अंगावर काटा यायचा आणि त्याचाच मला राग यायचा.

फोटो ती काढत नसे. "फोटोत काय दिसते? काळं भोक."

मी काही कुठं न फिरलेली बाई नाही. काश्मीर झालं, राजस्थान झालं, गोवा तर दोनदा. प्रत्येक वेळी मी शेकड्यांनी फोटो काढून आणले. लॅबमध्ये मोबाइल पुढे केला की पोरी चारदोन फोटो अंगठ्यानं सरकवायच्या, "छान आहे हं मॅडम" म्हणायच्या आणि मोबाइल परत करायच्या. दल सरोवरावर सूर्य मावळला त्याबद्दल मी एकदा सांगायला लागले, तर ऐकता ऐकता एक जण म्हणाली, "मॅडम, तुमच्या भाजीत खोबरं आहे का?"

तिच्या गोष्टीत चुका असायच्या. अंदमान सिंगापूरच्या पलीकडे आहे असं ती खुशाल सांगायची. मी मोबाइलवर नकाशा उघडून दाखवला, तर तीच आनंदानं म्हणाली, "हो का वं? म्हंजे जवळच गेलती मी!" सगळे हसले. नकाशा कुणी पाहिलाच नाही.

आणि जाते कशासाठी, याचं कारण ती प्रत्येकाला वेगळं सांगायची. सरांना सांगितलं, दमट हवेनं छाती मोकळी होते. इंजिनिअरसाहेबांना सांगितलं, मागल्या जन्मी मी मासोळी होती. एकदा आम्ही दोघीच मागच्या खोलीत होतो. मी विचारलं, "ताई, खरं काय ते सांगा." ती डबा घासत होती. मान वर न करता म्हणाली, "मले पाण्याची भल्ली भीती वाटते, म्हनून जाते." मला वाटलं, माझी थट्टाच केली. इंजिनिअरांना मासोळी, मला ही.

मग माझ्या नवऱ्याला कावीळ झाली.

नवरा सरकारी कचेरीत आहे. शांत माणूस. घरी आला की पेपर, मग टीव्ही, मग झोप. त्याची शीर सापडत नाही. लॅबमधल्या दुसऱ्या एका मुलीनं दोन्ही हात टोचून टोचून निळे केले, तेव्हा शिरेशी बोलणारी तीच म्हणाली, "मी येते घरी." बस पकडायच्या आधी ती नंदनवनला आली. नवऱ्याच्या हाताला टिचक्या मारत शिरेला म्हणाली, "सरकारी नोकराची शीर होय तू, टायमावर थोडीच येशीन." नवरा हसला. काविळीनं पिवळा पडलेला माणूस उशीवर डोकं टाकून खदखदून हसला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तो मोठ्यानं हसतो हे मी विसरूनच गेले होते.

तो बरा झाल्यावर मी तिला जेवायला बोलावलं. बोलवायला पाहिजेच होतं. पाटवड्यांचा रस्सा केला, वडाभात केला. ती आली, आणि जेवताना तिनं थायलंडच्या होडीतल्या एका गुजराती आजोबांची गोष्ट सांगितली. ते आजोबा गुहेत शिरताना खिशातून बायकोचा चष्मा काढून पुढे धरत होते, म्हणजे तिलाही दिसावं. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. नवऱ्याच्या हातातला घास हातातच वाळला. रस्सा गार झाला. माझ्या रश्श्याबद्दल तो नेहमी काहीतरी बोलतो, निदान मीठ कमी आहे एवढं तरी. त्या दिवशी काही बोलला नाही.

ती गेल्यावर तो म्हणाला, "अवं, यंदा आपणही जाऊ त्यांच्यासोबत."

"कुठं?"

"गुहा पाहायला."

मी गोव्याला त्याला किती म्हटलं होतं, चला ना, होडीतून फेरी मारून येऊ. तेव्हा हॉटेलच्या खोलीत पाय पसरून म्हणाला होता, "समुद्रात काय आहे? नुसतं पाणी."

तर आम्ही तिघं गेलो. वेंगुर्ल्याच्या बाजूला एक छोटं बंदर आहे, तिथून होड्या सुटतात. किनाऱ्यालगत काळ्या कातळाचे कडे आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी गुहा. ओहोटी असेल तेव्हाच आत जाता येतं. नागपूरहून रेल्वेनं कुडाळ, तिथून रिक्षा. एका घरात राहायची सोय होती. सकाळी घरच्या बाईंनी घावणे वाढले. नवऱ्यानं आणि मी भरपूर खाल्ले. ती ताटाला शिवली नाही. नुसती लिंबाची फोड चोखत अंगणात येरझारा घालत होती. मी म्हटलं, "ताई, खा ना थोडं." ती म्हणाली, "नाही वं. आल्यावर खाईन."

किनाऱ्यावर नारिंगी जॅकेटं चढवली. तिनं डोक्याला, तोंडाला ओढणी गुंडाळली, नागपुरात मे महिन्यात गाडीवर निघताना गुंडाळतो तशी. फक्त डोळे दिसत होते. फायबरची छोटी होडी, मागे इंजिन, तिथंच होडीवाला. नवरा तिच्याशेजारी बसायच्या बेतात होता. पण तिनं माझा हात धरला. "तू बस माह्या बाजूले." नवरा पुढच्या टोकाला जाऊन बसला, तोंड समुद्राकडे करून. आमच्या मागे एक नवं जोडपं. मला मनातून गुदगुल्या झाल्या. तिनं निवडलं ते मला.

बंदर सुटून होडी पहिल्यांदा हलली, आणि तिनं माझा उजवा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. दुसऱ्यांदा हलली तेव्हा ती बाकावरून खाली सरकली आणि होडीच्या तळाशी, पायांपाशी साठलेल्या पाण्यात बसली. मग आडवी झाली. ओढणी बाजूला करून ओकली. पोटात काही नव्हतंच, नुसतं लिंबू. ओकून झालं की डोळे मिटायची, पुन्हा ओकायची. सगळं अंग थरथरत होतं. हात मात्र सोडला नाही. माझी बोटं पांढरी पडली.

मी खाली वाकून म्हटलं, "ताई, होडी फिरवायला सांगू का?"

"नाही."

"अहो, पण तुम्हाला किती त्रास होतोय."

"दरसाल होते," ती डोळे न उघडता म्हणाली. "तू पाह्य. तू पाह्यत राह्य."

दरवर्षी बसलेला आवाज कशाचा, ते मला तेव्हा कळलं. गुहेची नक्कल करून करून नव्हे, असं ओकून ओकून तो बसत होता. आणि डबा घासता घासता तिनं मला जे कारण सांगितलं होतं ते थट्टेचं नव्हतं. सगळ्या लॅबमध्ये खरं कारण फक्त मला सांगितलं होतं.

तिला अशी पाण्यात लोळताना पाहिल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, थोडा वेळ. लॅबमधल्या पोरींनी, सरांनी, त्या इंजिनिअरांनी येऊन आता बघावं असं वाटलं. मी ताठ बसले होते. मला काही होत नव्हतं. वारा छान होता, लांब पाण्यात काहीतरी उसळलं तर तो डॉल्फिन होता म्हणे. मी सगळं पाहत होते आणि ती काहीच पाहत नव्हती.

गुहेच्या तोंडाशी होडीवाल्यानं इंजिन बंद केलं आणि वल्हं हातात घेतलं. होडी आपोआप आत ओढली गेल्यासारखी शिरली. आत एकदम गार. खालचं पाणी हिरवं, जणू त्याच्याखाली कुणी दिवा लावलाय. कडेचा कातळ काळा, मध्येच तांबडा. वर अंधारात पाकोळ्या, गुहेत राहणारी ती इवली काळी पाखरं, टिकटिक करत होत्या आणि तिथून कुजक्या गवतासारखा वास येत होता. हे सगळं मला दिसलं. मी डोळे उघडे ठेवून बघितलं, आणि मी वाट पाहत होते की आता आत काहीतरी होईल, काटा येईल, निदान कॅनमधली गुहा ऐकताना यायचा तेवढा तरी.

काही आलं नाही. मागचं जोडपं कुजबुजत भांडत होतं. मुलगी म्हणत होती, खोलीला कुलूप तू लावलंस. तो म्हणत होता, तू लावलंस.

खालून, माझ्या पायांपाशी, ओढणीतून आवाज आला, "ऐकलं?"

"काय?"

"पानी आत जाऊन, कोनाले तरी विचारून, परत येऊन राहिलं."

मी कान दिला. मला कुलूपच ऐकू आलं.

डोळे मिटून, ओकाऱ्या काढत, घाण पाण्यात पडलेल्या त्या बाईला जे मिळत होतं ते मला मिळत नव्हतं. इतका जळफळाट माझा आयुष्यात कधी झाला नसेल. मी म्हटलं, निदान व्हिडिओ तरी नेईन. उजवा हात तिच्याकडे अडकलेला. "ताई, हात सोडा जरा," मी म्हटलं. तिनं सोडला नाही. "अहो, सोडा ना!" उलट घट्ट धरला. मग मी डाव्या हातात मोबाइल घेतला आणि वरच्या पाकोळ्या याव्यात म्हणून होडीच्या काठाबाहेर हात लांब केला.

तेवढ्यात बाहेरून मोठी लाट आली. पाणी आवाज न करता नुसतं फुगलं आणि होडी कडेच्या कातळाकडे उचलली गेली. होडीवाला ओरडला, "हात आत घेवा! हात भायर काढू नकात!" मागची मुलगी किंचाळली. त्या ओरडण्यानं खाली पडलेली ती दचकली आणि घाबरून तिनं माझा हात जोरात स्वतःकडे ओढला. माझा तोल गेला. मी बाकावरून थेट तिच्या अंगावर पालथी पडले. मोबाइल होडीच्या तळाशी साठलेल्या पाण्यात. आणि होडीचा काठ कातळावर कर्रकन घासला.

पाणी उतरलं. होडी मध्यावर आली. मी तिच्या पाठीवर तशीच पडून होते, कारण उठायला आधार नव्हता. मान वळवून पाहिलं, तर जिथं माझं कोपर होतं तिथला काठ तासल्यासारखा झाला होता आणि निळा रंग कातळाला लागला होता. नवरा मागे वळून आमच्याकडे पाहत होता. त्याचं तोंड उघडं होतं.

"घाबरू नकात, बसान ऱ्हवा," होडीवाला म्हणाला आणि आम्हाला बाहेर घेऊन आला.

किनाऱ्याला लागल्यावर ती वाळूत बसली. तोंड धुतलं. मग घरी येऊन तिनं सकाळचे गार झालेले घावणे चटणीशी इतके खाल्ले की घरच्या बाईंनी पुन्हा तवा ठेवला. माझा मोबाइल सुकला आणि चालू झाला. पाकोळ्यांचा व्हिडिओ होता. त्यात अंधार होता आणि मी म्हणत होते, "अहो, सोडा ना!"

परतीच्या गाडीत दुसऱ्या दिवशी दुपारी मी वरच्या बर्थवर आडवी होते. भुसावळ मागे पडलं होतं. खाली खिडकीशी नवरा, त्याच्याजवळ ती. समोर बडनेऱ्याच्या एक काकू आणि त्यांची सून, दोघी कोकणातल्या लग्नाहून परतत होत्या. काकूंनी विचारलं, "तुम्ही कुठं गेले होते?" आणि ती सांगायला लागली. आवाज बसलेला, म्हणून दोघी सासवासुना पुढे वाकून ऐकत होत्या. मी डोळे मिटून पडले. मला वाटलं, आता गुहा येईल, थेंब येतील.

गुहेबद्दल ती फार बोललीच नाही.

"काकू, मी तर खाली पडून होती," ती म्हणाली. "डोये बंद. सकाळपासून ओकून ओकून जीव अर्धा झालता. आन् भल्ली मोठी लाट आली. होडी अशी उचलली. सगळे बोंबलून राहिले. मले वाटलं, झालं, संपलं आपलं. आन् तेवढ्यात ही बाई," तिनं वर माझ्याकडे बोट केलं असावं, "ही अशी येऊन पडली माह्या अंगावर. अख्खी. डोक्यावर हात, पाठीवर छाती. म्हंजे दगड लागन तर तिले लागन, मले नाही. तिकडं काठ फुटून राहिला, पन हे हलली नाही. पानी खाली गेलं तरी हलली नाही. माही माय मेली, तवापासून मले असं कोनी झाकलं नव्हतं जी."

मी डोळे उघडले. काकू मान वर करून माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले. त्यांच्या सुनेनं मला हात जोडले.

मी उठून बसले, डोकं छताला लागलं. म्हटलं, "नाही हो काकू. तसं नाही. मी घसरले होते. या ताईंनीच मला ओढलं, म्हणून तोल गेला माझा. उलट यांनी ओढलं नसतं तर माझा हात गेला असता."

काकू हसल्या. प्रेमानं, मान हलवत. "चांगलं करणारी माणसं असंच बोलतात बाई."

"पाह्यलं?" ती म्हणाली. "अशीच आहे हे. कबूल थोडीच करन."

"ताई, खरंच सांगते. तुमचे डोळे मिटलेले होते!"

"डोये मिटले होते म्हनून तर कळलं," ती म्हणाली. तिचा चेहरा अगदी खरा होता. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या अंगावर जे येऊन पडलं, ते तिला तसंच लागलं होतं.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो तरी त्या होडीत होता. म्हटलं, "अहो, तुम्ही सांगा ना."

तो माझ्याकडे पाहत होता. त्याचं असं पाहणं मला ओळखीचं नव्हतं. कावीळ असताना मी रात्ररात्र त्याच्या उशाशी बसले होते, तेव्हाही त्यानं असं पाहिलं नव्हतं.

"काय सांगू?" तो म्हणाला. "मी पाहिलं ना."

"तुम्ही तर पुढे तोंड करून बसला होता."

"वळून पाहिलं मी. तू त्यांच्यावर होतीस."

मग तो उठला. खिडकीची जागा सोडली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, किती प्रवास झाले, पण खिडकी नेहमी त्याची. त्याला वारा लागतो, नाहीतर डोकं दुखतं. तो बाजूला झाला, सीटवर हात फिरवून धूळ झटकली आणि म्हणाला, "ये. खाली ये. इथं बस."

मी खाली उतरले. काकूंनी पाय आखडून वाट दिली, सुनेनं माझ्या चपला सरळ करून ठेवल्या. ती बाजूला सरकली आणि माझ्या मांडीवर एकदा थोपटून दुसरीकडे बघायला लागली.

त्या बाईचा मला भयंकर हेवा वाटला. लॅबमधल्या बाईचा नव्हे. तिच्या गोष्टीतली जी बाई लाट आल्यावर स्वतःचा विचार न करता दुसऱ्याच्या अंगावर पालथी पडते, जिच्यामुळे एका म्हाताऱ्या होत चाललेल्या बाईला आपली आई आठवते आणि जिच्याकडे माझा नवरा असा पाहतो, त्या बाईचा. मी तिच्या जागी असते तर, असं मला वाटत राहिलं.

मी खिडकीत बसले. मूर्तिजापूर येत होतं. बाहेर कपाशीच्या रिकाम्या शेतांवर ऊन होतं, वारा तोंडावर येत होता. नवरा शेजारी बसला होता, त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता. मी अंग चोरून, अगदी कडेला बसले होते. मला सारखं वाटत होतं की ही जागा दुसऱ्या कुणाची तरी आहे, आणि ती आली की मला उठावं लागेल.